मारणे, उतरवणे, थांबणे : 'स्ट्राइक'ची गोष्ट

गेल्या महिन्यात माझी भाची इंग्रजीचा गृहपाठ घेऊन माझ्याकडे आली. नववीत आहे. 'स्ट्राइक' हे क्रियापद पाच निरनिराळ्या अर्थांनी वापरून पाच वाक्ये लिहा, असे बाईंनी सांगितले होते. चार तिने स्वतःच केली होती. घड्याळाचे टोले पडतात, वीज पडते, काडी ओढून पेटवतात आणि कामगार संप करतात. पाचव्यासाठी ती अडली होती, पण तिचा खरा प्रश्न वेगळाच होता. "मामू, वीज पडते, काडी घासतात, यात काहीतरी कशावर तरी आपटते हे समजते. पण संपात कोण कोणाला मारतो?"

"पोलीस मारतात," असे मी गमतीने म्हणालो. ती हसली, पाचवे वाक्य क्रिकेटवर लिहिले आणि निघून गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. इतकी वर्षे हा शब्द वापरतो आहे, वाचतो आहे, आमच्या घरात मुंबईच्या गिरणी संपाच्या गोष्टी ऐकत मोठा झालो आहे. पण काम बंद ठेवण्याला इंग्रज 'मारणे' का म्हणतो, हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते.

इंग्रजीतली छोटी, रोजची क्रियापदे ही मोठी अवघड जात आहे. अवघड शब्दाला अर्थ एक किंवा दोन असतात. सोप्या शब्दाला शेकडो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ दिले होते. 2011 मध्ये सुधारलेल्या नोंदीत 'रन'ने त्याला मागे टाकले : 645 अर्थ. 'रन'चे अर्थ फुगले याला यंत्रे कारण झाली असे म्हणतात. माणूस आणि घोडा पळत होते, मग गिरणी, आगगाडी आणि शेवटी संगणकातला प्रोग्रॅमही पळू लागला. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'पळतो', इंग्लंडमध्ये तो 'उभा' राहतो. आपल्याकडेही तो उभाच राहतो, कारण निवडणुका आपण इंग्रजांकडून शिकलो.

'स्ट्राइक' या मोजदादीत वरच्या नंबरावर नाही. पण एकमेकांशी भांडणारे अर्थ जितके त्याच्या पोटात आहेत तितके क्वचित दुसऱ्या कोणाच्या असतील. क्रिकेटमध्ये जो स्ट्राइकवर आहे तो खेळतो आहे, गिरणीत जो स्ट्राइकवर आहे तो काम करत नाही. बेसबॉलमध्ये तर चेंडू मारायचा राहिला, हुकला, तर त्याला स्ट्राइक म्हणतात! सौदा स्ट्राइक केला की तो ठरतो. यादीतून नाव स्ट्राइक केले की ते जाते.

गंमत अशी की मुळात या शब्दात मारणे नव्हतेच. जुन्या इंग्रजीत 'स्ट्रीकान' म्हणजे हलक्या हाताने घासत जाणे, सरकत जाणे. अंगावरून हात फिरवणे या अर्थाचा 'स्ट्रोक' हा त्याच घरातला शब्द. पट्टा किंवा ओरखडा या अर्थाचा 'स्ट्रीक' तिथलाच. जर्मन भाषेने तो जुना अर्थ अजून सांभाळला आहे. तिथे 'श्ट्रायशन' म्हणजे हात फिरवणे, पावाला लोणी लावणे, भिंतीला रंग देणे. हॉलंडमध्ये त्याच शब्दाचा अर्थ कपड्यांना इस्त्री करणे. आईने बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा, तसा हा शब्द. तो हात जोरात कधी पडू लागला हे नेमके सांगता येत नाही, पण चौदाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत 'ठोसा मारणे' हा अर्थ रुळलेला दिसतो.

त्या जुन्या, मऊ अर्थाची एक खूण इंग्लंडच्या धान्यबाजारात पुष्कळ वर्षे टिकली. मापात धान्य भरले की वर ढीग राहतो. आपल्याकडे त्याला शीग म्हणतात. माप शिगोशीग भरले की घेणारा खूश. ती शीग काठीने सरकवून माप सपाट करायचे, या क्रियेला इंग्रजीत 'स्ट्राइक' करणे म्हणत, आणि अशा सपाट मापालाही 'स्ट्राइक' हेच नाव पडले होते. मारणे नाही, वरचे खाली सरकवणे. हा अर्थ लक्षात ठेवावा, कारण भाचीच्या प्रश्नाचे उत्तर इथूनच जाते.

जहाजावर हाच अर्थ शिडाला लागला. शीड स्ट्राइक करणे म्हणजे डोलकाठीवरून ते खाली सरकवणे, उतरवणे. तसाच तंबू स्ट्राइक करणे म्हणजे तो उतरवून गुंडाळणे. आणि लढाईत जहाजाने आपला झेंडा स्ट्राइक केला, म्हणजे खाली घेतला, की ते शरण आले असे समजत.

आता 1768. इंग्लंडमध्ये धान्य महाग झाले होते, पावाचे भाव चढलेले, मजुरी जागच्या जागी. ईशान्य किनाऱ्यावरचे संडरलँड हे कोळशाचे बंदर. तिथला कोळसा समुद्रातून लंडनला जायचा आणि लंडनच्या चुली त्यावर पेटायच्या. तिथल्या खलाशांनी गावात जमून आपली गाऱ्हाणी वाचून दाखवली, मग बंदरातल्या एकेका जहाजावर चढून शिडांचे आडवे वासे खाली उतरवले. स्ट्राइक केले. वासा खाली म्हणजे शीड नाही, शीड नाही म्हणजे जहाज हलणार नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये टेम्स नदीवरच्या खलाशांनीही हेच केले आणि जगातले सर्वांत गजबजलेले बंदर ठप्प झाले. त्याच सुमारास टोप्या बनवणाऱ्या कारागिरांनी काम सोडले, तर त्यांच्याबद्दलही लोकांनी तेच क्रियापद वापरले. त्यांच्याकडे ना शीड होते ना वासा. पण शब्द जहाजावरून उतरून जमिनीवर आला होता.

म्हणजे संपात कोणी कोणाला मारत नाही. शीड उतरवतात.

पण मार पडला तो पडलाच, आणि पडला तो कामगारांवर. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या कोळसा वाहणाऱ्या हमालांचे आंदोलन चिघळले, मारामाऱ्या झाल्या आणि सात जणांना फाशी दिली गेली. पुढे 1799 आणि 1800 च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये कामगारांनी मजुरीसाठी एकत्र येणे हाच गुन्हा ठरला. तो कायदा 1824 पर्यंत होता. शब्द मात्र टिकला.

इथवर वाचल्यावर मला आपल्या घरातला एक शब्द आठवला. अरबीतला 'जरब'. ज्यांनी उर्दू शाळेत गणित केले त्यांना तो पाढ्यांपासून माहीत आहे : जमा, तफरीक, जरब, तकसीम. जरब म्हणजे गुणाकार. पण मूळ क्रियापदाचा अर्थ मारणे, ठोकणे. त्या एका ठोक्यातून अरबीने किती संसार उभा केला पाहा. नाण्यावर ठसा ठोकतात म्हणून टाकसाळ ती दारुल-जर्ब. मुघल रुपयांवर 'जर्ब' आणि पुढे शहराचे नाव असे, म्हणजे अमुक शहरात पाडलेला. दाखला 'ठोकतात', म्हणून म्हण ही जर्बुल-मसल. सतारीची तार छेडायची नखी ती मिजराब, म्हणजे ठोकायचे साधन. जमिनीवर पाय ठोकत जाणे म्हणजे प्रवास. कुरआनात हे क्रियापद मारणे, दाखला देणे आणि प्रवासाला निघणे अशा वेगवेगळ्या अर्थांनी येते. (त्यातल्या एका आयतीतल्या अर्थावरून चाललेला वाद वाचकांना माहीत असेल, तो विषय मोठा आहे, इथे नको.) मराठीने यातला फक्त धाकाचा अर्थ उचलला आणि आपण पोरांवर 'जरब बसवू' लागलो. सतारीतला अर्थ तेवढा सतारियांकडे राहिला.

इंग्रजीच्या 'स्ट्राइक'शी याची तुलना करताना मौज वाटते. दोघेही नाणे पाडतात. पण इंग्रजीत तंबू 'मारला' की तो खाली येतो, अरबीत तंबू 'मारला' की तो उभा राहतो, कारण अरबाच्या डोळ्यांपुढे मेख ठोकणारा हातोडा आहे आणि इंग्रजाच्या डोळ्यांपुढे सरकत उतरणारे कापड.

आणि आता खरी गोष्ट. आजच्या अरबीत कामगारांच्या संपाला काय म्हणतात? 'इज्राब'. त्याच जरबचे भावंड! उपोषणालाही 'अन्नापासून इज्राब' असेच म्हणतात. आधी मला वाटले की इंग्रजीचे भाषांतर करून घेतले असेल. तसे म्हणायची गरज नाही. या धातूच्या दुसऱ्या एका रूपाला, पुढे 'पासून' अर्थाचे अव्यय लागले की, एखाद्या गोष्टीकडे पाठ फिरवणे, ती सोडून देणे असा अर्थ जुन्या अरबीत होताच. संपासाठी तो हाताशी तयार होता. म्हणजे मारण्याच्या क्रियापदातून दोन भाषा काम थांबवण्याच्या शब्दाशी पोहोचल्या. एक शीड उतरवत, दुसरी पाठ फिरवत. मराठी यात मागे आहे असे समजू नका. आपण शिक्का मारतो, हाक मारतो, मिठी मारतो, आणि कामावर जायचे नसेल तेव्हा दांडी मारतो.

बाकी भाषांनी वेगळ्या वाटा धरल्या. पॅरिसमध्ये नदीकाठच्या 'ग्रेव्ह' नावाच्या चौकात कामाच्या शोधातले मजूर उभे राहत, म्हणून फ्रेंचमध्ये संप म्हणजे 'ग्रेव्ह'. तोच शब्द तुर्कांनी उचलला. आपला हरताळ म्हणजे हाटाला, बाजाराला ताळे. आणि 'संप'? गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा, ऐक्य. मुंबईतल्या गुजराती शेठजींच्या घरात मुलांना 'संपाने राहा' असे शिकवत आणि त्यांच्याच गिरणीतले मराठी कामगार संप करत. दोघांचा शब्द एकच. मला तर यातला मराठी अर्थ गुजराती अर्थाचाच पुढचा भाग वाटतो. एकोपा नसेल तर संप कसला?

1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद होत्या. 1928 चा संप महिनोन्‌महिने चालला; मदनपुऱ्यातले मुसलमान विणकर आणि गिरणगावातले मराठे एकाच लढ्यात होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप तर कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्याच गेल्या. या सगळ्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थांबत नाही. मला जायचे आहे ते परत जहाजावर.

18 फेब्रुवारी 1946. मुंबईत कुलाब्याला 'तलवार' नावाचे नौदलाचे संदेशवहन शिकवणारे केंद्र होते. किनाऱ्यावरचे केंद्र, पण नाव जहाजासारखेच. त्या दिवशी सकाळी तिथल्या हजारावर हिंदी नाविकांनी नाश्ता घ्यायला नकार दिला. जेवण वाईट होते, पगार गोऱ्या नाविकांपेक्षा कमी, वरचा गोरा अधिकारी शिवीगाळ करी. त्याआधी बलाईचंद्र दत्त या नाविकाला भिंतींवर 'चले जाव'च्या घोषणा लिहिल्याबद्दल पकडले होते. पोटाचे दुःख होते आणि मानाचेही. सुरुवात झाली ती अरबीतल्या अर्थाने, अन्नाकडे पाठ फिरवून.

दुसऱ्या दिवसापर्यंत बंदरातली जहाजे आणि किनाऱ्यावरची ठाणी त्यात आली. महायुद्धाआधी या नौदलात कोकण किनाऱ्यावरच्या, रत्नागिरीकडच्या पोरांची भरती मोठी असे, त्यांत कोकणी मुसलमान बरेच. युद्धात ती देशभरातून झाली : पंजाबी, बंगाली, मद्रासी, पठाण. या सर्वांनी मिळून एक समिती निवडली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख, दोघेही संदेशवहनातले साधे नाविक. समितीचे नाव त्यांनी ठेवले 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'.

हे नाव मला फार विचारपूर्वक ठेवलेले वाटते. कारण लष्करात आणि नौदलात स्ट्राइक नावाची गोष्टच नसते. कायद्याच्या दृष्टीने अनेकांनी मिळून हुकूम नाकारला की ती 'म्युटिनी', बंड. आणि बंडाची शिक्षा फाशीपर्यंत जाते. गिरणी कामगाराने हेच केले तर तो संप. नाविक सांगत होते की आम्हीही मजूरच आहोत, आमचे गाऱ्हाणे ऐका. पुढे आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियात पाठवलेले हिंदी सैन्य परत बोलवा, या मागण्याही आल्या. इतके मागणारा माणूस फक्त डाळभातासाठी भांडत नव्हता हे उघड आहे, आणि 'संप' हा शब्द त्या सगळ्याला पुरत होता असे मीही म्हणणार नाही. पण तो त्यांनी निवडला होता.

अनेक जहाजांवरचे ब्रिटिश झेंडे त्यांनी खाली घेतले. इंग्रजीत यालाही स्ट्राइक करणेच म्हणतात हे वर आलेच आहे. फक्त इथे झेंडा उतरवणारे शरण जात नव्हते, तर दुसऱ्याचा झेंडा उतरवत होते. त्या जागी काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल, असे तीन झेंडे एकत्र चढले. 1946 साली, जेव्हा या तिघांचे पुढारी एका खोलीत बसायला तयार नव्हते.

21 तारखेला कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला आणि नाविकांनी उलट गोळ्या झाडल्या. अॅडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली की हे मोडून काढायला अख्खे नौदल नष्ट करावे लागले तरी चालेल. सरकारने रसद तोडली तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळ मुंबईकर माणसे जेवणाचे डबे, फळे, पाव घेऊन आली. कराचीत 'हिंदुस्तान' या जहाजाची आणि लष्कराची तोफांची लढाई झाली. 22 तारखेला नाविकांच्या पाठिंब्यासाठी मुंबई बंद झाली, गिरण्या थांबल्या. लष्कर रस्त्यावर उतरले. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. परळला गोळी लागून गेलेल्या कमल दोंदे त्यातल्याच.

सरदार पटेलांनी शरण जायला सांगितले, जीनांनीही सांगितले. 23 तारखेला समितीने माघार घेतली. आम्ही ब्रिटनला नाही, हिंदुस्थानला शरण जात आहोत, असे त्यांनी जाहीर केले. कोणावर सूड उगवला जाणार नाही असे आश्वासन मिळाले होते. ते पाळले गेले नाही. शेकडो नाविकांना अटक झाली, छावण्यांत ठेवले गेले, नोकरीवरून काढून घरी पाठवले गेले. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला, दोन देश झाले, दोन नौदले झाली. दोघांपैकी एकानेही त्यांना परत घेतले नाही.

सरकारी कागदांत या पाच दिवसांचे नाव 'म्युटिनी' असेच राहिले. मराठीत आपणही सहज 'नाविकांचे बंड' म्हणून जातो. मी स्वतः कितीदा म्हणालो आहे. 1857 च्या बाबतीत तोच शब्द बदलायला आपल्याला किती वर्षे लागली! बंड या शब्दाबद्दल माझे काही वाकडे नाही, पुष्कळांना तो अभिमानाचा वाटतो आणि कुलाब्यातल्या स्मारकाच्या इंग्रजी नावात तर 'अपरायझिंग', म्हणजे उठाव, हा शब्द आहे. पण बंड म्हटले की नोकरी का गेली हा प्रश्न कोणी विचारत नाही. बंडखोराची नोकरी जायचीच. संपकऱ्याची गेली तर मात्र विचारावे लागते की कोणी काढले, आणि आश्वासन देणारे कुठे गेले. 1947 नंतर हा प्रश्न दोन्ही देशांच्या सरकारांना अडचणीचा होता, म्हणून 'म्युटिनी' हा इंग्रजांचा शब्द दोघांनाही सोयीचा पडला असेल, असे मला वाटते.

भाचीची वही तपासून आली तेव्हा मी मागून घेतली. पाचही वाक्यांवर बरोबरची खूण होती. चौथ्या वाक्याखाली, कामगार आणि संप या वाक्याखाली, तिने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिले होते : शीड उतरवणे, मामू म्हणाले.